बुंध्यावरची माती

आपल्या हातून झालेलं चांगलं काम दाखवायला माणूस धीर धरत नाही. त्यातून बघायला येणारी सख्खी थोरली बहीण असली, आणि ती झाडांच्या खात्यात अधिकारी असली, तर मग विचारायलाच नको. कंत्राटदार सकाळपासून अंगणातल्या फरशीवर पाण्याची नळी धरून उभा होता. धुतलेली फरशी पुन्हा धूत होता.

"साहेब, आता झिजेल ती," मिस्त्री म्हणाला.

"झिजू दे. ताई येतेय."

कामावरची माणसं या कंत्राटदाराला पाठीमागे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायला दोरीला वजन टांगतात, तो ओळंबा. कुठे केसभर तिरकं दिसलं की या गृहस्थाला अन्न गोड लागत नसे. एकदा म्हणे बायकोला बघायला दवाखान्यात गेला, आणि तिची विचारपूस करायच्या आधी खिडकीची चौकट वाकडी बसलीय हे नर्सला सांगून मोकळा झाला. मिस्त्री ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगे, पण खोटी नव्हती. टोपणनाव ओळंब्याच्या कानावर आलं होतं. रागवायचं सोडून तो मनातल्या मनात सुखावला होता.

त्याने बांधलेली चार घरं या एका अंगणाभोवती होती, आणि अंगणात होती तुती. जुनी, ऐसपैस, फांद्यांनी निम्म्या अंगणावर छत धरणारी. तुती तोडायची नाही या अटीवरच बांधकामाला परवानगी मिळाली होती. आता अशा अटीचं पुढे काय होतं ते साऱ्या जगाला माहीत आहे. एखाद्या दुपारी एखादा ट्रक मागे येताना चुकून झाडावर जातो, सगळे चुकचुकतात आणि मोकळी जागा मिळते. ओळंब्याने तसलं काही होऊ दिलं नाही. पहिल्या दिवशी त्याने तुतीभोवती लाकडी कुंपण घातलं. फांदीला बल्ब लटकवायला कोणी खिळा ठोकला, तर त्याला दिवसभर धारेवर धरलं. "तुला ठोकू का खिळा? सांग, कुठे ठोकू?" सिमेंटचं पाणी तिच्याकडे वाहू दिलं नाही. देवाने उभं केलेलं आपण पाडायचं नाही, एवढा साधा हिशेब होता त्याचा.

घोडं अडलं ते शेवटच्या टप्प्यात. अंगणाला तुतीच्या बाजूने उतार होता. कोपऱ्यातलं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घेतलं होतं, आणि त्यांच्या सासूबाई चाकाच्या खुर्चीत असत. त्या खुर्चीला ना पायरी चालणार होती, ना चढ. ओळंब्याला एवढं निमित्त पुरे होतं. त्याने मुरूम मागवला, सखल भाग गुडघाभर भरून काढला, धुमसाने ठोकून ठोकून घट्ट केला आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत फरशी अशी बसवली, की पाण्याचा थेंब ठेवला तर त्याला कुठे जावं ते कळू नये. तुतीच्या बुंध्याभोवती घडीव दगडांचं गोल कडं केलं आणि त्यात पांढरी खडी पसरली. त्या कड्यातून झाड असं सरळ, गोल, नीट वर आलेलं दिसे, की ओळंबा येताजाता त्याच्यावर हात फिरवी.

खात्याचा माणूस येऊनही गेला होता. गाडीतून अर्धा उतरून म्हणाला होता, "झाड नुसतं वाचवलं नाहीत, सजवलंत की हो!" हे वाक्य ओळंब्याने घरी दोनदा आणि ताईला फोनवर एकदा सांगितलं होतं.

ताई आली ती स्कूटरवरून. हेल्मेट काढून आधी वर बघितलं. झाडांची माणसं आधी वरच बघतात.

"काय रे छोट्या, एकही फांदी छाटली नाहीस?"

पन्नाशी उलटलेला छोट्या फुलून आला. "हात लावू दिला नाही कोणाला."

"शाबास," ती म्हणाली, आणि तिची नजर खाली आली. झाडाभोवती एक फेरी मारली. कड्याशी थांबली.

"याचे पाय कुठे गेले?"

"कोणाचे पाय?"

"झाडाचे. बुंधा जमिनीला टेकतो तिथे पसरतो ना, पावलासारखा? तुझं झाड खांबासारखं फरशीतून वर आलंय."

"म्हणजे सरळ आलंय की!"

"थापी आण," ताई म्हणाली.

मिस्त्रीने थापी दिली. धुतलेल्या फरशीवर गुडघे टेकून तिने खडी बाजूला केली आणि बुंध्यालगत उकरायला लागली. मुरूम कसला, दगडच झाला होता तो. हात कोपरापर्यंत आत गेल्यावर तिने थापी ठेवली आणि बोटाने चाचपलं. "इकडे ये. वास घे."

ओळंबा वाकला. बंद डब्यात ओलं फडकं विसरावं तसा आंबूस वास आला. आतली साल काळी पडली होती, आणि ताईचं नख तिच्यात रुतत होतं.

"मुळं श्वास घेतात, छोट्या. वरच्या थरातच घेतात. त्याच्यावर तू एवढी भर घातलीस, ती ठोकलीस, आणि वरून फरशीचं झाकण लावलंस."

"पण पाणी घालतो मी रोज!"

"तेच तर. नाकावर उशी दाबायची आणि वर पाणी पाजायचं."

मिस्त्रीने तोंड फिरवलं. ओळंब्याचे कान लाल झाले. "माती आहे ती, ताई. विष नव्हे. झाडाला मातीचं वावडं असतं होय?"

"ज्या सालीने जन्मभर वारा खाल्ला, तिला असतं."

"मग काय, मरेल?"

"आज नाही. उद्याही नाही. आधी पानं लहान येतील. मग शेंडे वाळतील. मग एखाद्या वर्षी पालवीच फुटणार नाही. तोवर चारही घरांत संसार लागलेले असतील. लोक म्हणतील, म्हातारं झालं होतं बिचारं. तुझं नावही कोणी घेणार नाही."

"तुझ्याच खात्याने पास केलंय हे."

"केलंय ना. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो, त्याला उन्हात उतरायचा कंटाळा. पण मी खात्यातून आले नाहीये. हा भाग माझ्याकडे नाही. मी बहीण म्हणून आले. चहा पाजणार होतास."

"तुला माझं कधी चांगलं दिसलंच नाही!" पन्नाशीचा माणूस एकदम आठ वर्षांचा झाला. "लहानपणी गाईचं चित्र दाखवलं, तेव्हाही खोडच काढलीस."

"चित्र छान होतं. गाईला पाच पाय होते."

चहा राहिलाच. ताई हेल्मेट घालून निघाली, पण फाटकाशी थांबून म्हणाली, "तू वाईट केलं नाहीस रे. मायेने केलंस. पण झाडाला ते काय कळणार?"

येत्या रविवारी घरांच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. आता प्रश्न काय होता ते बघा. कागद पास, गिऱ्हाईक खूश, अंगण आरशासारखं. गप्प बसलं तर कोणी एक शब्द बोलणार नव्हतं. आणि फोडायचं म्हटलं, तर आयुष्यातलं सगळ्यात सरळ काम आपल्याच हाताने उखडायचं. रात्रीच्या जेवणात ओळंब्याने भाजीला नावं ठेवली.

"भाजी कालचीच आहे," बायको म्हणाली. "काल तीन वेळा घेतली होतीत. भांडण ताईंशी झालंय, भाजीशी नाही."

दुसऱ्या दिवशी त्याला एका जुन्या गिऱ्हाइकाने बोलावलं. हे गृहस्थ चष्म्याचे दुकानदार. त्यांचं घर ओळंब्यानेच बांधलं होतं, आणि आता हॉलच्या भिंतीला ओल येऊन प्लास्टरचे पोपडे सुटत होते. "तुमचं काम असं नसतं म्हणून आश्चर्य वाटलं," चष्मेवाले गोड बोलून टोला देत म्हणाले.

ओळंबा तडक घराला वळसा घालून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेला. तिथे फुलांचा ताटवा होता, भिंतीला अगदी बिलगून. माती खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत चढली होती.

"ही माती कोणी चढवली?"

"आम्हीच. सौभाग्यवतींना फुलांची हौस. किती छान दिसतंय ना घर? जरा खतही घातलंय."

"अहो, काय केलंत हे!" ओळंब्याचा आवाज चढला. "जोत्यावर ओल अडवणारा थर आम्ही उगाच घालतो का? जोतं उघडंच राहिलं पाहिजे. त्याच्या वर माती चढवली की भिंतीला कोरडं व्हायला जागाच नाही. आतल्या आत कुजते ती. बाहेरून फुलं दिसतात आणि आत भिंत..."

तो थांबला. तोंड उघडं, हात हवेत.

"आत भिंत काय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काही नाही," ओळंबा म्हणाला. "काढा ती माती. आजच काढा."

"अहो, पण मायेने वाढवलीत फुलं..."

"माहीत आहे हो!" तो जवळजवळ ओरडलाच. "मायेने केलेलंच काढायला जड जातं. तरी काढा."

बहिणीने समजावून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते स्वतःच्याच तोंडून बाहेर पडल्यावर कानातून आत शिरलं. माणसाचं असंच असतं. दुसऱ्याच्या भिंतीवरची ओल त्याला लांबून दिसते. ओळंबा तिथून परस्पर शिवणकामवाल्या बाईंकडे गेला.

त्यांच्या भाड्याच्या खोलीतलं सामान अर्धं बांधून झालं होतं. शिलाई मशीन चादरीत गुंडाळून दोरीने आवळलेलं. कात्र्या, टेप, दोऱ्यांच्या रिळांचा डबा खोक्यात. जमिनीवर चिंध्यांचा शेवटचा ढीग. खिडकीशी खुर्चीत बसून सासूबाई एका फ्रॉकला बटणं लावत होत्या.

ओळंब्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तुती आज हिरवी दिसली तरी भरावाखाली गुदमरतेय, अंगण फोडावं लागेल. झाडाभोवती पूर्वीचा खड्डा होईल. रविवारी घर मिळणार नाही. खर्च त्याचा, चूकही त्याची.

बाईंच्या हातातली दोरी तशीच राहिली. "साहेब, थट्टा करताय का? घरमालकाचा नवा भाडेकरू सोमवारी येतोय. मी मशीन कुठे ठेवू, रस्त्यावर? आणि ह्यांची खुर्ची काय खड्ड्यातून उडत जाणार?"

"काहीतरी करतो मी."

"काहीतरी म्हणजे काय? झाड आज हिरवंगार आहे म्हणता. मग आम्ही राहायला येतो, तुम्ही पुढे बघा."

"पुढे बघणार नाही मी," ओळंबा म्हणाला. "एकदा तुम्ही राहायला आलात, की मला रोज वाटेल, आज राहू दे. मी स्वतःला ओळखतो."

सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला. "हे बघा कंत्राटदार. माझ्या चाकांसाठी झाड मेलं, असं मला माझ्या नावावर नकोय. देवाकडे जायचे दिवस माझे, तिथे काय सांगू? पण तेवढ्यासाठी मला कोणी पोत्यासारखं उचलून उंबऱ्यापर्यंत न्यायचं, तेही नकोय. दोन्ही नकोत. आता काय करायचं ते तुम्ही करा, त्याचेच पैसे घेता ना?"

"सासूबाई!" सून म्हणाली.

"मी काय वाईट बोलले? त्याला काम दिलंय."

शेवटी असं ठरलं, की मशीन आणि सामान ओळंब्याच्या घरी जाईल आणि दोघी चार दिवस सुनेच्या भावाकडे राहतील. चाराचे पुढे चौदा झाले, आणि भावाच्या बायकोचं तोंड रोज थोडं थोडं वाकडं होत गेलं, ते वेगळं. बाईंनी हे सगळं हसतहसत केलं असं नाही. निरोप द्यायला दारापर्यंतही आल्या नाहीत.

फरशी निघायला लागली तेव्हा मिस्त्री हातोडी खाली ठेवून म्हणाला, "साहेब, बिघडलेलं काम फोडायला सांगितलंत, ते आजवर पन्नासदा ऐकलं. पण चांगलं काम फोडायला पहिल्यांदाच सांगताय."

"चांगलं नव्हतं ते."

"सरळ तर होतं?"

"सरळ होतं," ओळंबा म्हणाला, आणि पहिली फरशी स्वतः उचलली.

ताईला त्याने फोन केला. बोलला एवढंच, "चहा राहिलाय." सुट्टी होती, ती आली. येताना मऊ ब्रश आणि बोथट खुरपी घेऊन आली. तिने यंत्राला हात लावू दिला नाही. मुरूम कुदळीने सैल करायचा, पण बुंध्याजवळ नुसत्या हातांनी. मिस्त्री, ओळंबा आणि ताई तिघंही जमिनीवर बसून उकरत होते. ओळंबा घामाने निथळत होता, आणि गंमत म्हणजे गुणगुणतही होता. काम जड असलं की त्याच्या तोंडी आपोआप देवाचं नाव यायचं, आणि तेही बेसूर.

"मुळांना त्रास होतोय," ताई म्हणाली.

"मातीचा?"

"गाण्याचा."

संध्याकाळपर्यंत बुंधा मोकळा झाला. खाली तो खरंच पसरला होता, मोठाल्या गाठी आणि वळकट्या घेऊन, एक मूळ उजवीकडे, एक भिंतीकडे, एक फाटकाकडे. तीन बाजूंनी साल ओली होती, पण धड होती. चौथ्या बाजूला हातभर साल सुटूनच आली. ताईने ती हातात घेतली, खालचं लाकूड नखाने खरवडून पाहिलं.

"खरं सांग," ओळंबा म्हणाला.

"खरं तेच सांगते. मला माहीत नाही. एवढी जखम भरूनही येते, आणि कधी नाहीही येत. उघडं राहू दे, कोरडं होऊ दे. दोन वसंत गेले की कळेल."

"म्हणजे हे सगळं करूनही..."

"हो. हे सगळं करूनही."

ताईने त्याच्या मातकट डोक्यावर टपली मारली आणि चहाचा पेला पुढे सरकवला.

आता राहिली सासूबाईंची वाट. भर घालायची नाही आणि खुर्ची तर सपाट गेली पाहिजे. ओळंब्याने लाकडी फळ्यांचा पूलच करायचं ठरवलं. बारीक लोखंडी खांबांवर उचललेला, खालून वारा खेळेल असा. कागदावर रेघ मारली, अर्थातच सरळ. पण खांबासाठी भोक घ्यायच्या आधी ताईच्या सांगण्यावरून सळई हळूच खुपसून बघायची होती. पहिल्या जागी सळई मुळाला लागली. दुसऱ्या जागीही. मिस्त्रीने सळई वीतभर डावीकडे नेली, तिथे ती अलगद आत गेली.

"इथे घेऊ? पण साहेब, मग पूल वाकडा येतो."

ओळंब्याने कागदाकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं. घसा खाकरला. "मूळ सरकवता येईल का तुला?"

"नाही."

"मग रेघ सरकव."

अशी सरकत सरकत पुलाची वाट फाटकापासून निघून तुतीला बगल देत, एका ठिकाणी चक्क पोट काढून, कोपऱ्यातल्या उंबऱ्याशी पोचली. मिस्त्रीने फोटो काढून आपल्या बायकोला पाठवला. ती विश्वास ठेवीना, म्हणाली हे दुसऱ्या कोणाचं काम असणार.

शेवटच्या फळ्या बसवायच्या दिवशी शिवणकामवाल्या बाई सासूबाईंना घेऊन आल्या. अजून घुश्शातच होत्या. सून खुर्ची ढकलत होती आणि सासूबाई पुलावरून खाली, उघड्या पडलेल्या मुळांकडे बघत होत्या. "किती गुंता हो हा," त्या म्हणाल्या. "आणि आपण नुसती फळं वेचून फ्रॉकला लागलेले डाग मोजतो."

मिस्त्री गुडघ्यांवर बसून बुंध्यालगतच्या फळीवर खूण करत होता. सालीपासून बोटभर अंतर सोडून त्याने पेन्सिल फिरवली, बुंध्याच्या गोलाईबरोबर, सुरेख. इतकी नेमकी खूण, की कोणी बघावं आणि म्हणावं, हे काम ओळंब्याच्याच हाताखालचं.

"थांब," ओळंबा म्हणाला. "लांब घे."

"किती?"

"झाड जाड होतं ना दरवर्षी. फळी त्याला काचेल."

"वाढत्या पोराच्या कपड्याला शिवणीत माया सोडतात, तेवढी तरी सोडाच," बाईंना राहवलं नाही. टेप त्यांच्या गळ्यातच होती. त्या वाकल्या, सालीपासून माप धरलं आणि बोट टेकवलं. "इथपर्यंत."

ओळंब्याने बोटाच्या आणखी पुढे हात ठेवला. "इथपर्यंत."

मिस्त्री हसला. "साहेब, एवढी जागा भरायला याला पन्नास वर्षं लागतील. ताई तर म्हणतात, दोन वर्षं जगेल की नाही ते सांगता येत नाही."

"जगवणारा मी नाही," ओळंबा म्हणाला. "माझ्याकडे जागा ठेवायचं काम आहे, ते मी करतो. खुर्चीचं चाक घसरू नये म्हणून कडेला पट्टी मारू. काप."

मिस्त्रीने करवत फळीला लावली. सासूबाईंनी सुनेला हातानेच खूण केली, की खुर्ची जरा पुढे घे, भुसा डोळ्यात गेला तर जाऊ दे, मला बघायचंय.